परदेशातून टपालाने येणाऱ्या वैयक्तिक वस्तूंवरील सीमाशुल्क

परदेशातून टपालाने येणाऱ्या वैयक्तिक वस्तूंवरील सीमाशुल्क म्हणजे परदेशस्थ नातेवाइकांनी, स्नेह्यांनी किंवा स्वतः मालकाने टपाल अथवा कुरिअरमार्फत भारतात पाठविलेल्या घरगुती वापराच्या वस्तूंवर केंद्र सरकार आकारीत असलेला आयातकर होय. ही आकारणी ‘सीमाशुल्क अधिनियम, १९६२’ आणि ‘सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५’ या कायद्यांनुसार होते. भेट म्हणून आलेल्या किंवा वापरलेल्या वस्तूवर कर लागत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तथापि टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंना मिळणारी सर्वसाधारण सूट १२ डिसेंबर २०१९ रोजी संपुष्टात आली. प्रवाशाने स्वतःच्या बॅगेतून आणलेली वस्तू करमुक्त असू शकते. तीच वस्तू टपालाने पाठविल्यास करपात्र ठरते. वस्तू कोणी, कोणास व कोणत्या भावनेने पाठविली यापेक्षा ती कोणत्या मार्गाने आली, हे या आकारणीत अधिक निर्णायक असते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या शहरात शिक्षण, नोकरी वा व्यवसायानिमित्त अमेरिका, युरोप व आखाती देशांत गेलेल्यांची अनेक कुटुंबे राहतात. त्यांच्या नावे येणाऱ्या टपालाची सीमाशुल्क तपासणी सामान्यतः मुंबईत होते. त्यामुळे पार्सल घेणाऱ्यास आकारणीची प्रक्रिया दिसत नाही. पोस्टमनने मागितलेली रक्कम तेवढी समजते.

संज्ञा

बोलीभाषेत या करास ‘कस्टम’ किंवा ‘कस्टम ड्यूटी’ म्हणतात. ‘सीमाशुल्क’ हा शासकीय व्यवहारातील शब्द आहे. ‘जकात’ हा शब्द पूर्वी दोन्ही अर्थांनी वापरला जाई. पुढे तो प्रामुख्याने शहराच्या वेशीवर नगरपालिका वा महानगरपालिका घेत असलेल्या करासाठी रूढ झाला. जकात हा स्थानिक संस्थेचा कर होता, तर सीमाशुल्क हा केंद्र सरकारचा कर आहे. मराठवाड्यातील जुन्या कागदपत्रांत व वृद्धांच्या बोलण्यात ‘करोडगिरी’ हा शब्द आढळतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील सीमाशुल्क खात्याचे ते नाव होते.

इतिहास

सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद हे हैदराबाद संस्थानात मोडत होते. संस्थानाचे स्वतःचे चलन, स्वतःची टपाल तिकिटे आणि स्वतःचे सीमाशुल्क खाते होते. ईस्ट इंडिया कंपनी व निजाम यांच्यातील १८०२ च्या व्यापारी तहाने या शुल्काचा दर शेकडा ५ असा ठरला होता. त्यामुळे मुंबई इलाख्यातून संस्थानात येणारा मालही एका अर्थाने सीमा ओलांडूनच येत असे. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाची स्वतंत्र सत्ता संपली. त्यानंतरच्या एकीकरणात संस्थानाची टपालव्यवस्था भारतीय टपाल खात्यात विलीन झाली आणि अंतर्गत सीमाशुल्कही कालांतराने बंद झाले.

ब्रिटिश भारतात समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी १८७८ चा सागरी सीमाशुल्क कायदा लागू होता. त्याची जागा सीमाशुल्क अधिनियम, १९६२ या कायद्याने घेतली; तो १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. आंतरराष्ट्रीय टपालाची देवाणघेवाण १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांनी चालते. भारत १८७६ पासून या संघाचा सदस्य आहे. पार्सलावर वस्तूचे वर्णन, वजन व किंमत सांगणारे घोषणापत्र लावण्याची पद्धत या संघामुळे सर्व देशांत सारखी झाली.

कायदेशीर चौकट

सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १२ नुसार भारतात आयात होणाऱ्या मालावर शुल्क देय असते. ‘माल’ या संज्ञेत विक्रीचा माल व घरगुती वस्तू असा भेद नाही. आईने विणलेली शाल व दुकानातून मागविलेली शाल कायद्याच्या दृष्टीने सारखीच आयात ठरते. सूट हवी असल्यास ती कलम २५ खालील अधिसूचनेने द्यावी लागते. अधिसूचना नसेल तर सूटही नसते.

टपालाने आलेल्या मालासाठी अधिनियमात स्वतंत्र तरतुदी आहेत. कलम ८३ नुसार, टपाल खाते ज्या दिवशी मालाची यादी सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे ठेवते त्या दिवशीचा दर सामान्यतः लागू होतो. पार्सल परदेशात कोणत्या दिवशी टाकले, याला येथे महत्त्व नसते. मधल्या काळात दर बदलल्यास पाठविणाऱ्याचा हिशेब चुकण्याचे हे एक कारण आहे.

दरांच्या अनुसूचीतील ९८ व्या प्रकरणात वैयक्तिक वापराच्या वस्तूंसाठी दोन शीर्षके आहेत. प्रवाशाच्या सामानातील करपात्र वस्तू ९८०३ या शीर्षकाखाली येतात, तर टपालाने वा हवाईमार्गे आयात झालेल्या वैयक्तिक वापराच्या करपात्र वस्तू ९८०४ खाली येतात. सोयीसाठी कापड, खेळणी, भांडी अशा निरनिराळ्या वस्तूंना येथे एकच दर लावता येतो. औषधांसाठी ९८०४ मध्ये वेगळा उपविभाग आहे.

भेटवस्तूंची सूट आणि तिचा शेवट

१६ सप्टेंबर १९९३ रोजीच्या अधिसूचना क्रमांक १७१/९३ नुसार टपालाने किंवा हवाईमार्गे आलेल्या खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंना ठरावीक मूल्यापर्यंत शुल्कमाफी होती. या मूल्याची मर्यादा वेळोवेळी बदलत गेली. वाढदिवस, दिवाळी किंवा बाळाच्या बारशानिमित्त परदेशातून येणाऱ्या छोट्या पार्सलांना तिचा लाभ मिळे.

ऑनलाइन खरेदीचा प्रसार झाल्यावर या सवलतीचा गैरवापर वाढला. परदेशी, विशेषतः चिनी संकेतस्थळांवरून विकत घेतलेला माल ‘भेट’ असे लिहून करमुक्त आणला जात असल्याच्या तक्रारी देशातील व्यापाऱ्यांनी केल्या. यावर विदेश व्यापार महासंचालनालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी अधिसूचना काढून टपाल वा कुरिअरने भेट म्हणून करमुक्त आयात करण्यास बंदी घातली. जीवरक्षक औषधे व राखी एवढेच अपवाद ठेवण्यात आले. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू स्वीकारण्यास मात्र मुभा आहे.

राखीचा अपवादही मर्यादित आहे. अधिसूचनेत ‘राखी, परंतु राखीसंबंधीच्या भेटवस्तू नव्हेत’ असा स्पष्ट भेद केलेला आहे. राखीला मिळणारी माफी कलम २५(६) वर आधारलेली आहे. देय शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी असल्यास ते वसूल करू नये, असे हे कलम सांगते. परदेशातील बहिणीने पाकिटात केवळ राखी घातली तर ती सहज सुटते. त्याच पाकिटात घड्याळ किंवा अत्तराची बाटली असल्यास त्या वस्तूंवर आकारणी होऊ शकते.

मूल्य व आकारणी

शुल्क वस्तूच्या मूल्यावर शेकडेवारीने लागते. मूल्यात वस्तूच्या किमतीसह वाहतूक व विम्याचा खर्चही धरला जातो. परकीय चलनाचे रूपांतर अधिसूचित विनिमयदराने होते. भेटवस्तूच्या बाबतीत घेणाऱ्याने काही पैसे दिलेले नसतात. तथापि त्यामुळे मूल्य शून्य ठरत नाही. अशा वेळी २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार तशाच किंवा तत्सम वस्तूच्या किमतीवरून मूल्य ठरविले जाते. घोषणापत्रावर ‘किंमत नाही’ किंवा अवास्तव कमी आकडा लिहिल्यास अधिकारी तो अमान्य करून स्वतः मूल्य ठरवू शकतात. वापरलेल्या वस्तूचे वर्णन तसे लिहिलेले असल्यास मूल्य कमी धरले जाण्यास आधार मिळतो. केवळ वापरलेली आहे म्हणून ती शुल्कमुक्त होत नाही.

एकूण आकारणीत मूळ सीमाशुल्क, त्यावरील समाजकल्याण अधिभार आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर असे घटक असतात. हा शेवटचा कर केवळ वस्तूच्या मूल्यावर लागत नाही; मूल्यात आधीचे शुल्क मिळवून आलेल्या बेरजेवर लागतो. त्यामुळे एकूण बोजा दरांच्या साध्या बेरजेपेक्षा अधिक होतो. २०२१ साली ९८०४ शीर्षकाखालील सर्वसाधारण वस्तूंसाठी हे दर अनुक्रमे ३५ टक्के, शुल्काच्या १० टक्के आणि २८ टक्के होते. त्यानुसार १०,००० रुपये मूल्याच्या पार्सलाचा हिशेब पुढीलप्रमाणे होई:

वस्तूचे मूल्य : १०,००० रुपये
मूळ सीमाशुल्क (३५ टक्के) : ३,५०० रुपये
समाजकल्याण अधिभार (शुल्काच्या १० टक्के) : ३५० रुपये
कराधीन बेरीज : १३,८५० रुपये
एकात्मिक वस्तू व सेवा कर (२८ टक्के) : ३,८७८ रुपये
एकूण देय रक्कम : ७,७२८ रुपये

म्हणजे एकूण आकारणी मूल्याच्या ७७.२८ टक्के होई. त्यानंतर हे दर उतरले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या शीर्षकावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या करपात्र आयातीवरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. दर बदलले तरी करावर कर चढण्याची रीत तीच राहते.

पार्सलाचा प्रवास

पाठविणाऱ्या देशातील टपाल कार्यालयात घोषणापत्र भरले जाते. लहान पाकिटांसाठी ‘सीएन २२’ व मोठ्या किंवा ३०० विशेष आहरण अधिकारांहून (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) अधिक मूल्याच्या पार्सलांसाठी ‘सीएन २३’ हा नमुना वापरतात. भारतात आल्यावर पार्सल विदेश डाकघराकडे जाते. मुंबईचे विदेश डाकघर बॅलार्ड इस्टेट भागात असून तेथेच सीमाशुल्क खात्याचे अधिकारी तपासणी करतात. पार्सलाची क्ष-किरण तपासणी होते. संशय असल्यास किंवा वर्णन अपुरे असल्यास ते उघडून पाहिले जाते. आवश्यकता वाटल्यास पत्त्यावरील व्यक्तीकडून खरेदीची पावती, ओळखपत्र वा वस्तूविषयी खुलासा मागविला जातो. या पत्रास वेळेत उत्तर न दिल्यास पार्सल अडकून पडते किंवा परत पाठविले जाते.

आकारणी झाल्यावर पार्सल अंतर्गत टपालाने पुढे निघते. छत्रपती संभाजीनगरात ते वाटप करणाऱ्या डाकघरात पोहोचते आणि देय रक्कम घेऊन पार्सल सुपूर्द केले जाते. सीमाशुल्काखेरीज टपाल खाते हाताळणीचे अल्प शुल्कही घेते. पोस्टमन किंवा स्थानिक डाकघर यांना आकारणीत बदल करण्याचा अधिकार नसतो. ते केवळ वसुली करतात.

शहरात केंद्रीय वस्तू व सेवा कर आणि सीमाशुल्क खात्याचे आयुक्तालय आहे. जवळच माळीवाडा येथे कंटेनरमधील व्यापारी मालासाठी अंतर्देशीय आगार आहे. मात्र टपालातील पार्सलाची आकारणी तेथे होत नाही. तक्रार असल्यास ज्या विदेश डाकघरात आकारणी झाली तेथील सीमाशुल्क कक्षाशीच पत्रव्यवहार करावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने ही या व्यवस्थेतील मोठी अडचण आहे.

टपाल, कुरिअर आणि प्रवासी सामान

कुरिअर कंपन्यांसाठी सीमाशुल्क खात्याचे स्वतंत्र विनियम असून कंपनीच ग्राहकाच्या वतीने आयातपत्र दाखल करते. त्यासाठी घेणाऱ्याची ओळखपत्रे आगाऊ मागितली जातात. कंपनी बहुधा शुल्क आधी भरते व नंतर ते स्वतःच्या सेवाशुल्कासह वसूल करते. कुरिअर जलद असले तरी सीमाशुल्काच्या बाबतीत त्यास टपालापेक्षा अधिक सवलत नाही.

प्रवासी सामानाची स्थिती भिन्न आहे. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या सामान नियमांत भारतात परतणाऱ्या प्रवाशाचे वापरातील वैयक्तिक साहित्य शुल्कमुक्त होते. शिवाय बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय रहिवाशास सोबतच्या सामानात ५०,००० रुपयांपर्यंतच्या इतर वस्तू करमुक्त आणता येत. तंबाखू, मद्य, सोने आदींसाठी वेगळ्या मर्यादा होत्या. परदेशात किमान दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्यास घरगुती साहित्यासाठी अधिक सवलत होती. पुढे २०२६ मध्ये या नियमांची सुधारित आवृत्ती आली. प्रवासी सामानावर एकात्मिक वस्तू व सेवा करही घेतला जात नाही.

या भेदाचा परिणाम रोजच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. मुलीने सुट्टीत घरी येताना वडिलांसाठी बॅगेतून आणलेला स्वेटर मर्यादेत असल्यास करमुक्त राहतो. तोच स्वेटर तिने टपालाने पाठविल्यास त्यावर शुल्क आकारले जाऊ शकते. वस्तू, पाठविणारी व घेणारा बदललेले नसतात. बदलतो तो केवळ मार्ग. वारंवार प्रवास करू न शकणाऱ्या कुटुंबांवर या भेदाचा भार तुलनेने अधिक पडतो. दुसरीकडे, ओळखीच्या प्रवाशाबरोबर वस्तू पाठविण्याच्या रूढ पद्धतीत त्या सामानाची कायदेशीर जबाबदारी ते आणणाऱ्या प्रवाशावर येते, हेही लक्षात घ्यावे लागते.

प्राणवायू संयंत्रांचे प्रकरण (२०२१)

या कायद्याची सर्वाधिक सार्वजनिक चर्चा कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत झाली. एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयांत खाटा व प्राणवायू अपुरे पडू लागल्यावर परदेशस्थ भारतीयांनी हवेतून प्राणवायू वेगळा करणारी संयंत्रे, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, घरी पाठविण्यास सुरुवात केली. परंतु २०१९ च्या अधिसूचनेमुळे ती भेट म्हणून सोडविता येत नव्हती. विदेश व्यापार महासंचालनालयाने ३० एप्रिल २०२१ रोजी ही संयंत्रे ३१ जुलैपर्यंत अपवादांच्या यादीत घातली. १ मे रोजी वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या संयंत्रांवरील एकात्मिक वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १२ टक्के करण्यात आला.

अमेरिकेतील नातेवाइकाने भेट पाठविलेल्या संयंत्रावरील या कराविरुद्ध ८५ वर्षांच्या एका रुग्णाने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी वैयक्तिक वापरासाठी भेट आलेल्या संयंत्रांवरील हा कर घटनाबाह्य ठरविला. केंद्र सरकारच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ जून २०२१ रोजी त्या निर्णयास स्थगिती दिली. करसवलत देणे हा धोरणाचा प्रश्न आहे की संकटकाळात ती जगण्याच्या अधिकाराशी निगडित ठरते, हा मुद्दा या प्रकरणात ऐरणीवर आला.

निर्बंधित वस्तू

शुल्क भरण्याची तयारी असली तरी काही वस्तू टपालाने आणता येत नाहीत किंवा त्यांसाठी परवाना लागतो. अमली पदार्थ, स्फोटके व बनावट चलन यांवर उघड बंदी आहे. ई-सिगारेटची आयात २०१९ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पूर्ण स्वरूपातील ड्रोनच्या आयातीस फेब्रुवारी २०२२ पासून, काही शासकीय व संशोधनविषयक अपवाद वगळता, मनाई आहे. फुलझाडांचे बियाणे वा रोपे यांना वनस्पती संगरोध आदेश, २००३ लागू होतो. आरोग्य प्रमाणपत्रावाचून ती अडविली जातात. लॅपटॉप व टॅबलेटच्या आयातीवर ऑगस्ट २०२३ मध्ये परवान्याची अट आली, तेव्हा टपाल वा कुरिअरने येणाऱ्या एका नगास शुल्क भरण्याच्या अटीवर परवान्यातून सूट देण्यात आली.

हरकत, परतावा व अपील

आकारणी अवाजवी वाटल्यास घेणारा पार्सल स्वीकारण्यापूर्वीच पावती व पुराव्यासह फेरआकारणीची लेखी मागणी करू शकतो. पार्सल नाकारल्यास ते पाठविणाऱ्याकडे परत जाते. अशा वेळी टपालखर्च वाया जातो. शुल्क भरून वस्तू ताब्यात घेतल्यानंतरही मार्ग बंद होत नाही. कलम १२८ नुसार आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ३० दिवसांची मुदत मिळू शकते. जादा भरलेल्या शुल्काच्या परताव्याचा अर्ज कलम २७ नुसार एक वर्षात करावा लागतो. या सर्वांसाठी वेष्टन, घोषणापत्राचा भाग, आकारणीची चिठ्ठी व पैसे भरल्याची पावती जपून ठेवणे आवश्यक असते. रक्कम लहान असल्याने बहुतेक जण या मार्गाने जात नाहीत.

सीमाशुल्काच्या नावाने होणारी फसवणूक

टपालाची आकारणी दूरच्या शहरात होते व तिची माहिती घरी पोहोचत नाही, या परिस्थितीचा लाभ भामटे घेतात. ‘तुमच्या नावे परदेशातून मौल्यवान भेट आली असून ती मुंबई वा दिल्ली विमानतळावर अडकली आहे’ असा दूरध्वनी करून खात्यावर पैसे मागितले जातात. दुसऱ्या प्रकारात पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे सांगून तथाकथित ‘डिजिटल अटके’ची भीती घातली जाते. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. सीमाशुल्क अधिकारी कोणाच्याही खासगी बँक खात्यात शुल्क भरण्यास सांगत नाहीत.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ८ नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक देण्यास सुरुवात केली. तो मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणीकृत आंतरराष्ट्रीय टपालास १३ चिन्हांचा क्रमांक असतो: आरंभी दोन अक्षरे, मग नऊ अंक व शेवटी देशाची दोन अक्षरे. हा क्रमांक भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तपासल्यास पार्सल खरोखर आले आहे की नाही, हे कळते. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

उलट दिशेचे टपाल

भारतातून परदेशी पाठविलेल्या घरगुती पार्सलांनाही त्या त्या देशाचे सीमाशुल्क लागू होते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालास असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबविली; खऱ्या भेटवस्तूंसाठी १०० डॉलरची मर्यादा मात्र कायम ठेवली. शुल्क कोणी व कसे गोळा करावे, हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने त्या सुमारास अमेरिकेस जाणारे टपाल स्थगित केले आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू केले. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असल्याने महाराष्ट्रातून फराळ पाठविण्याच्या ऐन दिवसांत हा मार्ग बंद राहिला होता. भारताने २०१९ मध्ये भेटवस्तूंची सूट काढून घेतली, तर अमेरिकेने २०२५ मध्ये ती मर्यादित स्वरूपात टिकवली. घरगुती टपाल व व्यापारी माल यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी, याबाबत देशादेशांची धोरणे अशी वेगळी आहेत.